लहान मुलांना शिकवायला शिकताना : पहिल्या निरीक्षणापासून पहिल्या पाठापर्यंत

तीन ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात पहिल्या दिवशी एकच काळजी असते, ती म्हणजे मुलांसमोर उभे राहून काय बोलायचे. ही काळजी स्वाभाविक आहे. मात्र तयारीची सुरुवात तिच्यापासून केली तर पुढची सगळीच तयारी शिक्षकाच्या बोलण्याभोवती फिरू लागते. या वयाची मुले निव्वळ ऐकून फार थोडे शिकतात. वस्तू हातात घेऊन, ती उलटीपालटी करून, शेजारच्या मुलाशी बोलून आणि तेच काम पुन्हा पुन्हा करून ती शिकतात. म्हणून पाठाची तयारी करताना मुले काय करणार आहेत आणि ती करत असताना आपण काय पाहणार आहोत, हे आधी ठरवावे लागते. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत आणि शक्यतो त्याच क्रमाने घ्याव्यात.

पहिली पायरी : शिकवण्याआधी पाहायला शिका

सुरुवातीचे काही दिवस वर्गात नुसते बसून निरीक्षण करायला सांगितले जाते, आणि अनेक प्रशिक्षणार्थींना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. खरे तर संपूर्ण प्रशिक्षणात इतक्या निवांतपणे एखाद्या मुलाकडे पाहण्याची संधी पुन्हा मिळत नाही, कारण एकदा वर्गाची जबाबदारी अंगावर आली की डोळे एकाच वेळी सगळीकडे ठेवावे लागतात.

निरीक्षणाची वही करताना पानाचे दोन भाग करावेत. डाव्या बाजूला जे दिसले आणि जे ऐकू आले तेवढेच लिहावे. त्याचा अर्थ काय असावा, हे उजव्या बाजूला आणि तेही नंतर लिहावे. "मुलगा चिडका आहे" हे निरीक्षण नाही, तो निष्कर्ष आहे. "शेजारच्या मुलीने त्याच्या हातातला लाल ठोकळा घेतला, तो ओरडला, उठून खिडकीपाशी गेला आणि सगळ्यांकडे पाठ करून बसला" हे निरीक्षण आहे. असे चार-पाच दिवसांचे निरीक्षण हाताशी असले की तोच मुलगा फक्त बांधलेली रचना मोडली गेल्यावर ओरडतो, एरवी स्वतःच्या वस्तू सहज देतो, असे काहीतरी उघड होते आणि "चिडका" हा शब्द आपोआप गळून पडतो.

एका वेळी एकच मूल निवडून सलग दहा मिनिटे त्याच्याकडे पाहावे. ते कोणाजवळ बसते, वस्तू कोणत्या हाताने उचलते, अडले की काय करते, मोठ्यांकडे पाहते की मुलांकडे, हे टिपावे. खेळाच्या वेळी पाहण्यासाठी मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मांडलेले वर्गीकरण आजही उपयोगी पडते. त्यात मूल नुसते इकडेतिकडे वावरणे, दुसऱ्याचा खेळ बघत राहणे, एकट्याने खेळणे, दुसऱ्याच्या शेजारी बसून पण आपापले खेळणे, साहित्य देतघेत खेळणे आणि ठरवून एकत्र खेळणे असे प्रकार सांगितले आहेत. ही शिडी आहे असे मानू नये, कारण एकत्र खेळू शकणारे मूलही दिवसातला बराच वेळ एकटे खेळते आणि त्यात काळजीचे काही नसते. मात्र एखादे मूल अनेक दिवस फक्त बघतच राहत असेल, तर त्याला खेळात यायची इच्छा आहे पण वाट सापडत नाही का, हे मार्गदर्शक शिक्षकांशी बोलावे.

मुलांबरोबरच शिक्षकांचेही निरीक्षण करावे. त्या काय शिकवतात यापेक्षा दोन उपक्रमांच्या मधल्या वेळात काय करतात, हे बारकाईने पाहावे. मुलांना बोलावण्याआधी त्या कुठे जाऊन उभ्या राहतात, साहित्य कोणाच्या हाती देतात, आवाज चढवण्याऐवजी काय करतात, आणि रडणाऱ्या मुलाला जवळ घेऊन बसल्या असताना बाकीच्या वर्गाला काय काम दिलेले असते, हे सगळे पुस्तकात सापडत नाही.

दुसरी पायरी : या वयाचे मूल कसा विचार करते, हे समजून घ्या

मानसशास्त्राच्या पेपरासाठी पाठ केलेली नावे वर्गात उपयोगी पडतात ती प्रत्यक्ष मुलाजवळ बसून तपासली तरच. ज्याँ पियाजे यांनी साधारण २ ते ७ वर्षांच्या काळाला पूर्वक्रियात्मक अवस्था म्हटले आहे. तिचा एक प्रयोग कोणालाही करता येतो. चार-साडेचार वर्षांच्या मुलासमोर सहा बटणांच्या दोन ओळी समोरासमोर मांडाव्यात आणि दोन्हींत सारखी बटणे आहेत, हे त्याच्याकडून वदवून घ्यावे. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका ओळीतली बटणे लांब लांब सरकवून पुन्हा विचारावे. पुष्कळ मुले लांब झालेल्या ओळीत जास्त बटणे आहेत असे सांगतात, काही तर मोजूनही तसेच म्हणतात. अशा वेळी "अरे, आपण आत्ताच मोजली ना" असे म्हणून उत्तर दुरुस्त करण्यात अर्थ नसतो. मूल डोळ्यांना जे ठळक दिसते त्यावर विसंबून आहे एवढे ध्यानात घ्यावे आणि बटणे पुन्हा जवळ आणण्याचे काम त्याच्याच हाती द्यावे.

पियाजे यांच्या मांडणीवर नंतर बरीच टीका झाली. प्रश्न ओळखीच्या प्रसंगातून आणि साध्या शब्दांत विचारला की लहान मुलांना पियाजे म्हणतात त्याहून अधिक जमते, असे पुढच्या संशोधकांनी दाखवून दिले. प्रशिक्षणार्थीच्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब अशी की, मुलाचे चुकलेले उत्तर कधी त्याच्या समजुतीतून येते, तर कधी आपल्या प्रश्नातून. उत्तर चुकले की आधी प्रश्न बदलून पाहावा.

लेव्ह वायगॉट्स्की यांचा विचार नियोजनात अधिक कामी येतो. मुलाला एकट्याने जे जमते आणि जाणत्या माणसाच्या मदतीने जे जमते, या दोहोंमधल्या अंतराला त्यांनी निकटविकास क्षेत्र म्हटले. शिकवणे याच पट्ट्यात व्हायला हवे. अजिबात न जमणारे काम दिले तर मूल हात आखडते, आणि सहज जमणारे दिले तर दोन मिनिटांत शेजाऱ्याला चिमटा काढते. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये तीन, चार आणि पाच वर्षांची मुले मोठ्यांच्या मदतीने लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड कसा रचतात, याचा अभ्यास केला आणि अशा मदतीसाठी स्कॅफोल्डिंग हा शब्द रूढ केला. मूल अडले की मदत थोडी वाढवायची आणि जमू लागले की लगेच हात मागे घ्यायचा, हे त्यातले सूत्र आहे. प्रशिक्षणार्थींना पहिला भाग सहज जमतो. दुसरा जमायला वेळ लागतो, कारण मदत करताना आपण उपयोगी पडतो आहोत असे वाटते आणि मागे सरकताना तसे वाटत नाही.

हात मागे घेणे सोपे व्हावे अशी रचना साहित्यातच करता येते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले. त्यांच्या साहित्यात लाकडी ठोकळ्याच्या खाचांत बसणारे, वर धरायला मूठ असलेले दहा दंडगोल असतात. एखादा दंडगोल चुकीच्या खाचेत गेला तर शेवटी एक उरतो आणि तो उरलेल्या खाचेत बसत नाही. चूक झाली हे मुलाला ती वस्तूच सांगते, शिक्षकाला बोलावे लागत नाही. स्वतः साहित्य तयार करताना हाच निकष लावावा. चित्रकार्डाचे दोन तुकडे एकमेकांत नेमके तेव्हाच बसतील जेव्हा जोडी बरोबर असेल, असे कापले तर पंधरा मुलांची उत्तरे तपासत फिरण्याचा वेळ वाचतो आणि तो मुलांकडे पाहण्यात घालवता येतो.

तिसरी पायरी : एका छोट्या गटासाठी एकच पाठ आखा

पहिला पाठ संपूर्ण वर्गाचा घेऊ नये. मार्गदर्शक शिक्षकांना विनंती करून चार-पाच मुलांचा गट मागून घ्यावा. पंधरा-वीस मिनिटांचा वेळ पुरतो. त्याहून कमी वेळात मुले उठू लागली तर तेवढ्यावर थांबावे.

पाठटाचणात उद्दिष्ट एकच असावे आणि ते डोळ्यांना दिसेल अशा क्रियापदात लिहावे. "मुलांना संख्येची ओळख होईल" हे वाक्य टाचणाच्या वहीत शोभते, पण पाठ संपल्यावर ते साधले की नाही हे कोणालाही सांगता येत नाही. "पाचपर्यंतच्या वस्तूंमधून मागितल्या तेवढ्या वस्तू मूल मोजून देईल" असे लिहिले तर काय पाहायचे, हे आधीच ठरून जाते.

हेच उदाहरण थोडे जवळून पाहू. मोजणे ही एकच क्रिया वाटते, पण रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये तिच्यामागची पाच तत्त्वे वेगळी करून दाखवली : प्रत्येक वस्तूला एकच संख्यानाम देणे, संख्यानामांचा क्रम कायम ठेवणे, शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजे एकूण वस्तू हे ओळखणे, कोणत्याही प्रकारच्या वस्तू मोजता येतात हे जाणणे, आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर तेच येते हे समजणे. तुमच्यासमोर बसलेली मुलगी पाच बटणांवर बोट ठेवत "एक, दोन, तीन, चार, पाच" असे अचूक म्हणते. तुम्ही विचारता, "मग किती बटणे आहेत?" आणि ती पुन्हा पहिल्या बटणापासून मोजू लागते. पुन्हा विचारले की पुन्हा मोजते. तिला मोजता येत नाही असे म्हणणे चूक आहे आणि तिला मोजता येते असे म्हणणेही अपुरे आहे. तिच्यासाठी "किती" या प्रश्नाचे उत्तर म्हणजे मोजण्याची कृती आहे. शेवटच्या संख्येत सगळी बटणे सामावली आहेत, हे तिला अजून उमगलेले नाही. "मला तीन बटणे दे" असे म्हटल्यावर ती मूठभर बटणे उचलून देते, यावरूनही तेच कळते. मोजून दाखव म्हटल्यावर जमते आणि मोजून दे म्हटल्यावर जमत नाही, असा टप्पा बहुतेक मुलांच्या वाटेवर येतो.

अशा मुलीसाठी पुढचे काम कोणते? मोठ्या संख्या नक्कीच नाहीत. तिच्याबरोबर दोन आणि तीन वस्तूंचे खेळ खेळावेत. दोन बाहुल्यांना दोन टोप्या आणायला सांगावे, फाशावरचे ठिपके पाहून तेवढ्या उड्या माराव्यात, मोजून झाल्यावर सगळ्या बटणांभोवती हात फिरवून "ही सगळी मिळून तीन" असे स्वतः म्हणावे आणि मग वस्तू झाकून "आत किती?" असे विचारावे. नेमके कुठे अडले हे कळले की उपाय असा हाताशी येतो. त्यासाठी टाचणात उपक्रमाच्या खाली "काय दिसले तर काय करायचे" अशा दोन-तीन ओळी आधीच लिहून ठेवाव्यात. सगळ्यांना पहिल्याच फेरीत जमले तर पुढचे काम कोणते, आणि कोणालाच जमले नाही तर मागे कुठवर यायचे, याची उत्तरे त्या ओळींत असावीत.

प्रश्नही टाचणात शब्दशः लिहावेत. हा आग्रह सुरुवातीला जाचक वाटेल, पण मुलांसमोर बसल्यावर ऐनवेळी सुचणारे प्रश्न बहुधा "हो" किंवा "नाही" एवढ्यावर संपणारे असतात. याच संदर्भात एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. पहिल्या पाठाच्या आदल्या रात्री रंगीत कागद कापत, चकचकीत तक्ते सजवत जागणारे प्रशिक्षणार्थी पुष्कळ असतात आणि त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. तरीही तो वेळ पाच चांगले प्रश्न लिहिण्यात आणि साहित्य एकदा स्वतः हाताळून पाहण्यात घालवला तर मुलांच्या पदरात अधिक पडते. तक्ता मुले लांबून पाहतात. बटणे त्यांच्या हातात असतात.

वस्तूंच्या आकाराबद्दल मात्र हयगय नको. साधारण ३.२ सेंटिमीटर व्यासाच्या छोट्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू ३ वर्षांखालील मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असतो, आणि खेळणी तपासणारे याच मापाची चाचणी वापरतात. गटात त्या वयाचे किंवा अजून वस्तू तोंडात घालणारे एकही मूल असेल तर बटणे, मणी आणि बिया बाजूला ठेवून मोठे ठोकळे घ्यावेत. उपक्रमाआधी आणि नंतर वस्तू मोजून ठेवाव्यात.

चौथी पायरी : बोलणे कमी, थांबणे जास्त

लहान मुलांना सूचना देताना एका वेळी एक, फार तर दोन कामे सांगावीत. "वह्या ठेवा, हात धुऊन या, मग गोलात बसा आणि आपली पाटी आणायला विसरू नका" या वाक्यातले शेवटचे किंवा पहिले काम तेवढे मुलांच्या लक्षात राहते. काय करू नये यापेक्षा काय करावे हे सांगितलेले त्यांना चटकन कळते, म्हणून "पळू नका" याऐवजी "चालत या" असे म्हणावे. वर्गाच्या दुसऱ्या टोकावरून नाव घेऊन ओरडण्यापेक्षा मुलाजवळ जावे, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे आणि हळू आवाजात सांगावे. वर्गाचा गलका शिक्षकाच्या आवाजाबरोबर चढतो, हे दोन दिवसांत अनुभवाला येते.

प्रश्न विचारल्यावर थांबणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात असे आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक झाली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तीन सेकंदांची शांतता नवख्या शिक्षकाला फार मोठी वाटते, म्हणून प्रश्न विचारल्यावर मनात सावकाश आकडे मोजावेत. उत्तर आल्यावरही लगेच "बरोबर" म्हणू नये. "तुला असे का वाटले?" किंवा "अजून काही?" एवढे म्हणून पुन्हा थांबावे.

कौतुक करतानाही नेमके बोलावे. "छान, छान" हे शब्द दिवसभरात इतक्या वेळा उच्चारले जातात की मुलांच्या कानांवरून ते घसरून जातात. "मनोरा दोनदा पडला, तरी तू खालचा ठोकळा बदलून पुन्हा लावलास" असे म्हटले तर आपण केलेली कोणती गोष्ट कामी आली, हे मुलाला कळते.

पाचवी पायरी : गोष्ट वाचून दाखवा आणि ध्वनींशी खेळा

भाषेच्या कामाची सुरुवात अक्षरे गिरवण्यापासून करण्याची घाई करू नये. रोज मोठ्याने गोष्ट वाचून दाखवणे हे सगळ्यात भरवशाचे काम आहे. पुस्तक आधी दोनदा स्वतः वाचावे, चित्रे सगळ्यांना दिसतील असे छातीच्या बाजूला धरावे आणि कुठे थांबायचे त्या दोन-तीन जागा ठरवून ठेवाव्यात. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाचताना मुलाला बोलते करणाऱ्या पालकांची मुले नुसते वाचून दाखवणाऱ्यांच्या मुलांपेक्षा बोलीभाषेत पुढे गेल्याचे दिसले. चित्रात काय चालले आहे असे विचारावे, मुलाने दोन शब्दांत उत्तर दिले तर तेच थोडे वाढवून परत म्हणावे, आणि "तुझ्या बाबतीत असे कधी झाले होते का?" असे विचारून गोष्ट त्याच्या अनुभवाशी जोडावी. पहिल्या वाचनात फार प्रश्न विचारू नयेत, त्याने गोष्टीची लय मोडते. तीच गोष्ट पुन्हा वाचायची मागणी आली तर आनंदाने वाचावी, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वाचनातच मुले शब्द उचलतात.

लिहिलेल्या अक्षराआधी कानाने ध्वनी ओळखता यायला हवा. बडबडगीते, यमके, एकाच ध्वनीने सुरू होणारे शब्द शोधणे आणि शब्दाचे तुकडे पाडत टाळ्या वाजवणे हे खेळ रोज पाच मिनिटे घ्यावेत. टाळ्यांच्या खेळासाठी शब्द निवडताना एक काळजी घ्यावी. "बाहुली" या शब्दाला तीन अक्षरे आहेत आणि बोलतानाही तीनच तुकडे पडतात. "कमळ" लिहिताना तीन अक्षरे असली तरी आपण बोलताना शेवटचा "ळ" पूर्ण उच्चारत नाही, त्यामुळे कान तयार असलेले मूल दोनच टाळ्या वाजवते. त्याला चूक ठरवले तर नीट ऐकल्याबद्दलच शिक्षा केल्यासारखे होते. म्हणून सुरुवातीला "पाणी", "बाहुली", "गाडी" असे दीर्घ स्वरांत संपणारे शब्द घ्यावेत आणि "कमळ", "घर" यांच्याकडे अक्षरांची ओळख झाल्यावर वळावे.

लिहिण्यासाठी बोटांची तयारी माती मळणे, कागद फाडून चिकटवणे, मोठे मणी ओवणे, चिमट्याने वस्तू उचलणे अशा कामांतून होते. अक्षरे किंवा अंक उलटे काढणे साधारण सातव्या वर्षापर्यंत सर्रास आढळते, तेवढ्यावरून घाबरू नये आणि पालकांनाही घाबरवू नये. डावखुऱ्या मुलाचा हात बदलण्याचा प्रयत्न करू नये. त्याला बाकाच्या डाव्या कडेला बसवावे म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागत नाही, आणि कागद थोडा उजवीकडे कलता ठेवायला शिकवावे म्हणजे लिहिलेले त्याला दिसत राहते.

सहावी पायरी : मधले क्षण आणि अवघड क्षण

वर्ग हातातून सुटतो तो बहुधा पाठात नाही, तर एक काम संपून दुसरे सुरू होण्याच्या मधल्या दोन-तीन मिनिटांत. सगळी मुले एकाच वेळी एकाच कपाटाकडे पाठवली तर धक्काबुक्की होणारच. साहित्य आधीच तीन-चार ठिकाणी ठेवावे, मुलांना गटागटाने उठवावे, आवरण्याआधी पाच मिनिटे कल्पना द्यावी आणि प्रत्येक बदलासाठी ठरलेली एक खूण ठेवावी. तेच गाणे किंवा त्याच लयीतली टाळी चालेल, पण ती रोज तीच असावी. जागा बदलली की दर वेळी मुलांची डोकी मोजावीत. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

मुलाचे वागणे खटकले की कारणे एका ठरावीक क्रमाने तपासावीत. त्याला भूक, झोप किंवा लघवी लागली आहे का? ते फार वेळ ताटकळले आहे का? काम त्याला फार कठीण किंवा फार सोपे पडते आहे का? या प्रश्नांतच बहुतेक वेळा उत्तर सापडते. दोन मुलांचे भांडण झाले तर आधी इजा झाली नाही ना हे पाहावे, वादाची वस्तू काही वेळ स्वतःजवळ घ्यावी, दोघांचे म्हणणे एकामागून एक ऐकून तुमच्या शब्दांत परत सांगावे आणि "आता काय करू या?" असे त्यांनाच विचारावे. चार वर्षांची मुलेही कामचलाऊ तोडगे काढतात आणि स्वतः काढलेला तोडगा पाळतात. मारणे, कोपऱ्यात उभे करणे, सगळ्यांसमोर नाव घेऊन हसे करणे यांतले काहीही, कोणत्याही कारणाने, कधीही करू नये.

सकाळी पालक सोडून गेल्यावर रडणाऱ्या मुलाला "रडायचे नाही" असे सांगून उपयोग होत नाही. पालकांनी नजर चुकवून निघून न जाता "मी जाते, गोष्ट संपली की येते" असे सांगून थोडक्यात निरोप घ्यावा, असे त्यांना सुचवावे. तुम्ही मुलाजवळ बसावे, त्याला वाईट वाटते आहे हे त्याच्याच शब्दांत बोलून दाखवावे आणि हाताला काम द्यावे. झाडाला पाणी घालणे किंवा खडू वाटणे पुरते.

एका प्रसंगाची तयारी आधीच हवी. एखाद्या मुलाने आपल्याला कोणी इजा केली किंवा नको तसा स्पर्श केला, असे सांगितले तर शांतपणे ऐकून घ्यावे आणि त्याने सांगितले ते बरे केले, असे म्हणावे. खोदून खोदून विचारू नये आणि "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये. त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून त्याच दिवशी शाळेतल्या जबाबदार व्यक्तीकडे द्यावेत. प्रशिक्षणार्थी म्हणून स्वतः चौकशी करणे हे तुमचे काम नाही, पण ही गोष्ट योग्य माणसापर्यंत पोहोचवणे हे नक्कीच तुमचे काम आहे. पहिल्याच आठवड्यात ही जबाबदार व्यक्ती कोण आहे, हे विचारून ठेवावे.

सातवी पायरी : पाठ झाल्यावर

पाठ संपला की लगेच, शक्यतो त्याच दिवशी, वीस मिनिटे काढून टाचणाच्या मागच्या पानावर लिहावे. "पाठ चांगला झाला" किंवा "मुलांनी ऐकले नाही" असे लिहून काही हाती लागत नाही. पाच मुलांपैकी कोणी तीन वस्तू मोजून दिल्या, कोणी मूठभर दिल्या, कोणी दुसऱ्याकडे पाहून दिल्या, हे नावानिशी लिहावे. निरीक्षणाच्या वहीत लागलेली डाव्या-उजव्या रकान्यांची सवय इथे कामी येते. ही वही वर्गाबाहेर नेताना मुलांची पूर्ण नावे झाकावीत आणि परवानगीशिवाय त्यांची छायाचित्रे काढू नयेत.

मार्गदर्शक शिक्षकांकडे अभिप्राय मागताना "कसा झाला पाठ?" असे विचारले तर "चांगला झाला, आवाज थोडा मोठा हवा" असे उत्तर मिळते. पाठाआधीच त्यांना एक नेमके काम द्यावे. मी किती प्रश्न विचारले आणि त्यांतले किती एका शब्दात संपणारे होते ते मोजाल का, किंवा खिडकीजवळच्या मुलीकडे मी किती वेळा पाहिले ते टिपाल का, असे विचारावे. आकडा समोर आला की चर्चा आपोआप मुद्द्यावर येते आणि मनाला लागतही नाही. अभिप्रायातल्या दहा सूचना एकदम अमलात आणण्याचा प्रयत्न करू नये, पुढच्या पाठासाठी एकच निवडावी.

त्यानंतर तोच पाठ, थोडा बदलून, दुसऱ्या गटाला घ्यावा. ही संधी अभ्यासक्रमात नसली तरी मागून घ्यावी, कारण साहित्य, उद्दिष्ट आणि प्रश्न तेच राहिले की आपण काय बदलले आणि त्याने मुलांच्या कामात काय फरक पडला, हे स्वच्छ दिसते. पहिल्या गटात मूठभर बटणे देणारी मुलगी आठवडाभराने, दोन आणि तीनचे खेळ खेळून झाल्यावर, काय करते हेही पाहावे. तिला पुन्हा पाच बटणांसमोर बसवावे, "मला तीन दे" असे म्हणावे आणि तिचे बोट कुठे थांबते, ते वहीच्या डाव्या रकान्यात लिहावे.